लुटला गेला तो वाटसरू

मागच्या पावसाळ्यात माझ्या आतेबहिणीचे यजमान गेले. सुतक अजून फिटायचे होते. सांगलीजवळच्या तिच्या घरी माणसांची ये-जा चालू होती, सोप्यात ओल्या छत्र्यांची रांग लागली होती आणि आत सतरंजीवर बसलेल्या बायकांपैकी कोणी ना कोणी तिचा हात धरून बसलेले होते. ती रडत होती. आवाज मोठा नव्हता, पण रडणे थांबतही नव्हते. तेवढ्यात आमच्या नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ आले. रोज पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, शास्त्रवाचन करणारे, कोणाच्या अडीअडचणीला न बोलावता धावणारे, मनाने अत्यंत सालस असे हे गृहस्थ. ते तिच्यासमोर बसले, क्षणभर डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाले, "बाळ, देह पर आहे. जो आपला नव्हताच तो गेला असं कसं म्हणायचं? समयसारात काय सांगितलंय ते आठव. रडू नकोस, बंध पडतो." तिने त्यांच्याकडे पाहिले, पदराने तोंड पुसले आणि "चहा ठेवते" म्हणून ती आत निघून गेली. खोली एकदम शांत झाली. चार बायकांनी समाधानाने माना हलवल्या. शब्द लागू पडले, असेच सगळ्यांना वाटले.

मला तसे वाटले नाही.

त्या गृहस्थांचे वाक्य खोटे नव्हते, हीच तर अडचण होती. समयसार या प्राकृत अध्यात्मग्रंथाची अडतिसावी गाथा जवळजवळ हेच सांगते: मी खरोखर एक आहे, शुद्ध आहे, दर्शनज्ञानमय आहे, सदैव अरूपी आहे, दुसरे परमाणुएवढेही काही माझे नाही. ही गाथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ती ऐकताना आजही अंगावर काटा येतो. मग तीच गाथा त्या दिवशी इतकी कोरडी, इतकी कठोर का वाटली? तिच्यात काही कमी होते की सांगण्यात? आणि ज्यांनी ती रचली ते आचार्य कुंदकुंद त्या सतरंजीवर येऊन बसले असते, तर तेही हेच बोलले असते का? हा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस सोडेना. उत्तर शोधायला मी पुन्हा त्यांच्या ग्रंथांकडे वळले. त्या आधी, कोणालाही सुचेल तशी, मी त्यांच्या चरित्राकडे वळले होते; पण तिथे हाताला फारच थोडे लागले.

आम्हा दिगंबर जैनांच्या घरी कुठल्याही मंगल प्रसंगी जो श्लोक म्हटला जातो, त्यात पहिले नाव भगवान महावीरांचे, दुसरे त्यांचे मुख्य शिष्य गौतम गणधरांचे आणि तिसरे कुंदकुंदांचे. एवढ्या उंचीवर बसवलेल्या माणसाविषयी आपल्याला निश्चित असे किती थोडे ठाऊक आहे! आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात गुंटकलजवळचे कोनकोंडला हे त्यांचे गाव मानले जाते आणि गावाच्या नावावरूनच कुंदकुंद हे नाव पडले. मुनिदीक्षेचे नाव पद्मनंदी. शिलालेख आणि पट्टावल्या, म्हणजे गुरुपरंपरेच्या याद्या, त्यांना आणखीही नावे देतात: एलाचार्य, गृद्धपिच्छ, वक्रग्रीव. वाचून वाचून मान वाकली म्हणून वक्रग्रीव, असे सांगतात. तमिळनाडूत वंदवासीजवळची पोन्नूरची टेकडी आणि कर्नाटकात आगुंब्याजवळची कुंदाद्री ही दोन्ही ठिकाणे त्यांची तपोभूमी म्हणून पूजली जातात. काळाविषयी तर एकमत नाहीच. डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवत असताना कुंदकुंदांच्या प्रवचनसार या ग्रंथाची जी आवृत्ती १९३५ साली सिद्ध केली, तिच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत एकेक पुरावा तपासून त्यांनी कुंदकुंदांना इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास ठेवले. पुढे काही अभ्यासकांनी त्यांना बरेच अलीकडे आणले. मधुसूदन ढाकी यांनी तर थेट आठव्या शतकात. आमच्या भागातल्या सदलग्याच्या माणसाने हे काम केले, याचा मला अभिमान आहे. त्याहून अधिक मोलाचे वाटते ते हे, की ज्या आचार्यांना घरात वंदन केले त्यांच्याविषयीच्या कथा तपासून घ्यायला उपाध्ये कचरले नाहीत.

कथा मात्र सुंदर आहेत. रानाला वणवा लागला, सगळे जळून गेले, मधली काही झाडे तेवढी हिरवी राहिली. गुराखी पोराने जाऊन पाहिले तर तिथे शास्त्राच्या पोथ्या होत्या. त्याला वाचता येत नव्हते. त्याने त्या घरी आणून जपल्या आणि एका मुनींना दिल्या. तोच पुढच्या जन्मी कुंदकुंद झाला. दुसरी कथा विदेह नावाच्या दूरच्या क्षेत्रात जाऊन तिथले तीर्थंकर सीमंधर स्वामी यांची वाणी ऐकून आल्याची. दहाव्या शतकातल्या देवसेनांनी तिचा उल्लेख केला आहे, म्हणजे ती निदान तेवढी जुनी. आणि श्रवणबेळगोळच्या एका शिलालेखातला कवी म्हणतो, हे यतीश्वर आत-बाहेर धुळीने अस्पृष्ट होते, हे दाखवण्यासाठीच जणू धुळीची जमीन सोडून चार बोटे वरून चालत असत.

हा चार बोटांचा उल्लेख वाचला आणि मी थांबले. कारण कुंदकुंदांच्या गाथांमध्ये धूळ फार आहे. बंधाचे, म्हणजे जीवाला कर्म चिकटण्याचे, कारण समजावताना ते एक माणूस डोळ्यांसमोर उभा करतात: अंगाला तेल चोळून तो धुळीच्या जागी उतरला आहे, शस्त्र घेऊन व्यायाम करतो आहे, ताड, केळी, बांबू छाटतो आहे, आणि त्याचे अंग धुळीने माखत चालले आहे. आचार्य विचारतात, ही धूळ कशामुळे चिकटली? त्याच्या हालचालीमुळे नव्हे, शस्त्रामुळे नव्हे, जागेमुळेही नव्हे, तेलामुळे. मग लगेच दुसरा माणूस येतो. तीच जागा, तीच शस्त्रे, तोच व्यायाम. पण अंगाला तेल नाही, आणि धूळ चिकटत नाही. कोल्हापूरच्या तालमीत तांबड्या मातीने न्हालेला मल्ल पाहत वाढलेल्या माणसाला ही गाथा समजावून सांगावी लागत नाही. पण ही गोष्ट अशी बारकाईने लिहायला आचार्यांनी तो आखाडा कधीतरी जवळून पाहिलेला असणार. जमिनीपासून चार बोटे वर चालणाऱ्याला हे दिसले नसते.

तेव्हापासून मी त्यांचे चरित्र कथांमध्ये शोधायचे सोडून दृष्टांतांमध्ये शोधू लागले. पाहता पाहता एक भरलेले गाव उभे राहिले. भिंतीला लावलेला पांढरा रंग भिंतीवर असूनही भिंतीचा होत नाही. तो पांढराच, स्वतःचाच राहतो. तसा जाणणारा जाणलेल्या वस्तूचा होत नाही. विषवैद्य विष खातो आणि मरत नाही. कारागीर काम करतो, हत्यार हातात धरतो, मोबदला घेतो, पण त्या कशाशीच एकरूप होत नाही. राजाची स्वारी निघते तेव्हा फौज चाललेली असते आणि लोक म्हणतात, राजा निघाला. नगराचे वर्णन केले म्हणजे राजाचे वर्णन झाले असे नाही. तशी देहाची स्तुती केली म्हणजे केवलींची, पूर्ण ज्ञान झालेल्यांची, स्तुती होत नाही. वर्षानुवर्षे बेडीत पडलेला माणूस बेडी किती घट्ट आहे, केव्हापासून आहे, हे सगळे जाणतो. पण त्या जाणण्याने बेडी तुटत नाही. या शेवटच्या दृष्टांताने मला दरदरून घाम फुटतो, कारण आमच्या स्वाध्यायात आम्ही बहुतेक वेळ बेडीची लांबी-रुंदी मोजण्यातच घालवतो.

याच ओळीत अठ्ठावन्नावी गाथा येते. वाटेवर प्रवाशांना लुटताना पाहून लोक म्हणतात, "हा रस्ता लुटला जातो." पण रस्ता कधी लुटला जात नाही. आचार्यांना इथे एवढेच सांगायचे आहे, की देहाचा रंग, देहाचे रूप पाहून आपण ते जीवाचे म्हणतो, ते अशाच बोलण्याच्या सवयीने. गाथेचा रोख तेवढाच आहे, त्यापुढचे माझे आहे. ती वाचताना मला सतरंजीवरची माझी आतेबहीण दिसली. निश्चयाच्या, म्हणजे अंतिम सत्याच्या, दृष्टीने रस्त्याचे काही गेलेले नाही, हे कबूल. पण वाटसरू तर लुटला गेला आहे ना? तो तिथेच धुळीत बसला आहे. त्याला जाऊन "अरे, रस्ता कधी लुटला जातो का?" असे सांगणे खरे असेल, पण त्याने त्या क्षणी विचारलेला प्रश्न तो नाही.

कुंदकुंदांनाही हे ठाऊक होते, असे मी आता ठामपणे म्हणते. त्यांनी निश्चय आणि रोजच्या बोलण्यातला व्यवहार या दोन दृष्टींचा भेद जितक्या निर्भीडपणे मांडला तितका क्वचितच कोणी मांडला असेल. व्यवहार अभूतार्थ आहे, म्हणजे अंतिम सत्य सांगत नाही, असे ते समयसाराच्या अकराव्या गाथेतच सांगून टाकतात. पण त्याच्या तीनच गाथा आधी, आठव्या गाथेत, त्यांनी वाट बांधून ठेवली आहे:

जह ण वि सक्कमणज्जो अणज्जभासं विणा दु गाहेदुं ।
तह ववहारेण विणा परमत्थुवदेसणमसक्कं ॥

परक्या भाषेच्या माणसाला त्याच्या भाषेवाचून काही समजावता येत नाही, तसा व्यवहारावाचून परमार्थाचा उपदेश करता येत नाही. या गाथेवर दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्रांनी जी टीका लिहिली, ती मी पुन्हा पुन्हा वाचते. एक ब्राह्मण एका म्लेच्छाला "स्वस्ति" म्हणतो. त्याला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही. तो मेंढ्यासारखा डोळ्यांची पापणीही न हलवता टकमक पाहत राहतो. मग दोन्ही भाषा जाणणारा कोणी, किंवा तो ब्राह्मण स्वतःच, त्याच्या भाषेत सांगतो की तुझा विनाश न होवो असे हा म्हणतो आहे. आणि तत्काळ त्या माणसाचे डोळे आनंदाच्या अश्रूंनी भरून येतात. अमृतचंद्र पुढे बजावतात, की म्हणून त्या ब्राह्मणाने स्वतः म्लेच्छ व्हायचे नाही. व्यवहार सांगण्यासाठी आहे, त्याला चिकटून राहायचे नाही. तीही बाजू मला मान्य आहे. पण एवढ्या कडक अध्यात्माच्या ग्रंथात, आठव्याच गाथेपाशी, उपदेश पोचल्याची खूण म्हणून टीकाकाराला सुचले ते भरून आलेले डोळे.

आमच्या खोलीत डोळे कोरडे झाले होते आणि त्यालाच आम्ही उपदेश पोचला असे समजलो.

हे केवळ आमच्याच घरी घडलेले नाही. समयसाराने वेडावलेला आणि मग सावरलेला सर्वांत प्रसिद्ध वाचक म्हणजे बनारसीदास. १५८६ साली जौनपूरला जन्मलेला, पुढे आग्र्यात राहिलेला व्यापारी आणि कवी. कोणीतरी त्याच्या हाती राजमल्लांची समयसारावरची लोकभाषेतली टीका ठेवली आणि हा एकट्याने समयसार वाचत सुटला. आत्मा शुद्धच आहे, तर पूजा कशाला, व्रते कशाला, मंदिर कशाला? त्याने आपल्या आत्मकथेत, १६४१ साली, हे सगळे कसलीही सारवासारव न करता लिहून ठेवले आहे: क्रियेचा रस उडाला आणि आत्म्याचा स्वाद तर आला नाही. मित्रांबरोबर खोलीचे दार लावून, कपडे उतरवून, आम्ही मुनी झालो असे म्हणत ते खेळत असत. ही अवस्था दहा-बारा वर्षे चालली. मग पांडे रूपचंद आग्र्याला आले, त्यांनी गोम्मटसार हा कर्मसिद्धांताचा ग्रंथ शिकवला, कोणत्या गुणस्थानी, म्हणजे आत्मविकासाच्या पायरीवर, कोणती क्रिया उचित हे उलगडून सांगितले, आणि बनारसीदासाच्या वाचनाला बूड आले. त्यानंतर, १६३६ मध्ये, त्याने समयसार नाटक हे काव्य पूर्ण केले, जे आजही उत्तरेतल्या जैन घरांत गायले जाते. तेच मूळ, तोच माणूस. आधी त्या ग्रंथानेच त्याला भरकटवले आणि पुढे त्यानेच सावरले. मधे फक्त कोणीतरी धीराने समजावणारा आला.

याच आत्मकथेच्या शेवटाकडे एक जागा आहे, जिथे मला दर वेळी पुस्तक मिटून ठेवावे लागते. पंचावन्न वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना तो लिहितो: तीन लग्ने झाली, दोन मुली आणि सात मुलगे झाले, नऊच्या नऊ लेकरे गेली, आणि पानगळीनंतर झाडाचे खुंट उरावे तसे नवरा-बायको दोघे उरलो. त्याच्या लगेच पुढच्या दोह्यात तो म्हणतो, तत्त्वदृष्टीने पाहिले तर ज्याचा जितका परिग्रह घटतो तितकी त्याला शांती. आणि त्याच्याही पुढे, की संसारी माणसाला हे सत्य कळत नाही, तो परिग्रहालाच वैभव समजतो. मला या तिन्ही दोह्यांचा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. तत्त्वदृष्टी आहे, तिच्यात कुठे तडजोड नाही. पण ती खुंट दाखवून झाल्यावर येते. आणि ती त्याने स्वतःच्या दुःखाला लावली आहे, दुसऱ्याच्या नव्हे. नऊ लेकरे गमावलेल्या बापाने तो दोहा म्हणणे आणि शेजाऱ्याने येऊन त्याला तो ऐकवणे, या दोन गोष्टी एक नाहीत.

मग खुद्द कुंदकुंदांनी दुसऱ्याच्या दुःखाविषयी काही म्हटले आहे की नाही? म्हटले आहे, आणि ते आम्ही फारसे वाचत नाही. प्रवचनसाराच्या तिसऱ्या अधिकारात ते मुनींना सांगतात, की रोगाने, भुकेने, तहानेने किंवा श्रमाने गळालेला श्रमण दिसला, तर साधूने आपल्या शक्तीप्रमाणे त्याची सेवा करावी. आणि पंचास्तिकायाची एकशे सदतिसावी गाथा अनुकंपेची व्याख्याच करते:

तिसिदं बुभुक्खिदं वा दुहिदं दट्ठूण जो दु दुहिदमणो ।
पडिवज्जदि तं किवया तस्सेसा होदि अणुकंपा ॥

तहानलेल्याला, भुकेल्याला किंवा दुःखी जीवाला पाहून ज्याचे स्वतःचे मन दुखते आणि जो कृपेने त्याच्याशी वागतो, त्याची ही अनुकंपा. इथे क्रम पाहा. आधी पाहणे, मग पाहणाऱ्याचे मन दुखणे, मग कृती. उपदेशाचा उल्लेखही नाही. अमृतचंद्र टीकेत अज्ञानी आणि ज्ञानी यांच्या अनुकंपेत भेद करतात: अज्ञानी माणूस दुःख दूर करण्याच्या धडपडीने व्याकुळ होतो, ज्ञानी माणसाला भवसागरात बुडालेले जग पाहून मनात किंचित खेद होतो. किंचित का होईना, पण होतो. दगड होणे ही ज्ञान्याची खूण त्यांनीही सांगितलेली नाही.

मी इथेच थांबले असते, तर सोयीचे झाले असते. पण ही गाथा ज्या प्रकरणात आहे, ते आस्रवाचे, म्हणजे जीवात कर्म येण्याचे, प्रकरण आहे. अनुकंपा हा पुण्याचा आस्रव. आणि पुण्याविषयी समयसाराची एकशे शेहेचाळिसावी गाथा काय म्हणते, ते आमच्याकडे मुलांनाही पाठ असते: सोन्याची बेडीही बांधते आणि लोखंडाचीही बांधते, तसे शुभ आणि अशुभ दोन्ही कर्म जीवाला बांधते. म्हणजे आतेबहिणीचा हात धरून बसलेल्या त्या बायका शेवटी सोन्याची बेडीच घडवत होत्या, असे कोणी म्हणाले तर आचार्यांच्या शब्दांनी त्याला खोडून काढता येणार नाही. मी खोडू इच्छितही नाही. मला एवढेच दिसते, की जो माणूस सोन्याच्या बेडीलाही बेडीच म्हणतो, त्याने त्या बेडीचे लक्षण लिहिताना तहान आणि भूक हे शब्द आधी घेतले, पाहणाऱ्याचे मन दुखले पाहिजे असे लिहिले. शुद्धोपयोगाच्या, म्हणजे शुभ-अशुभ दोन्हींपलीकडच्या शुद्ध भावाच्या, शिखरावर पोचलेल्याची गोष्ट वेगळी. आम्ही सतरंजीवर बसलेली माणसे होतो, आमच्यापैकी कोणीही तिथे पोचलेले नव्हते, आणि न पोचलेल्याने हातातली सोन्याची बेडी टाकली तर हात मोकळा राहत नाही, लोखंडाची चढते. कोरडेपणा ही वीतरागता नव्हे. वीतरागतेच्या नावाखाली कोरडेपणा फार सहज खपून जातो, आणि तो बहुतेक वेळा रडणाऱ्या बाईच्या वाट्याला येतो.

बाईचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या कुंदकुंदांनी जीवाचे वर्णन रसरहित, रूपरहित, गंधरहित, अव्यक्त, चेतना हाच ज्याचा गुण असा, या शब्दांत केले आणि ती गाथा आपल्या एकाहून अधिक ग्रंथांत पुन्हा पुन्हा ठेवली, त्यांच्याच नावावरच्या सुत्तपाहुडात स्त्रीला मुनिदीक्षा नाही असे सांगितले आहे. कारणे दिली आहेत ती शरीराची, मासिक पाळीची आणि चित्त शुद्ध नसल्याची. मी ते प्रथम वाचले तेव्हा कॉलेजात होते आणि पुढे बरीच वर्षे मी कुंदकुंदांना हात लावला नाही. ज्याने देह पर आहे असे मला शिकवले त्यानेच माझा देह माझ्यापुढे करावा, हे मला सहन झाले नव्हते. सुत्तपाहुड ज्यांत येते त्या अष्टपाहुडांतले सगळेच त्यांचे आहे का, याविषयी अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे. प्रवचनसारातही स्त्रियांविषयीच्या ज्या गाथा जयसेन या दुसऱ्या टीकाकारांच्या पाठात आहेत, त्या अमृतचंद्रांच्या पाठात नाहीत. त्यामुळे त्या मागाहून आल्या असाव्यात, असे म्हणून मन शांत करून घेता येते. मी ते करत नाही. परंपरेने ही वचने त्यांची मानली, शतकानुशतके वाचली, आणि त्यांचा भार माझ्या आजीने, पणजीने वाहिला. तो कोणाच्या लेखणीचा होता याने वाहणाऱ्यांना फरक पडला नाही. समयसाराच्या चारशे आठाव्या गाथेपासून ते सांगतात, की मुनीची असोत वा गृहस्थाची, बाहेरची चिन्हे हा मोक्षमार्ग नाही, ती धरून बसणारे मूढ. या गाथेच्या उजेडात सुत्तपाहुड वाचले की मला ते पटत नाही, असे मी सरळ म्हणते. त्यांच्याच एका वचनाने त्यांच्या दुसऱ्या वचनाशी भांडण्याचा अधिकार मला आहे, असे मी मानते.

हा अधिकार त्यांनी स्वतः दिला आहे. समयसाराच्या पाचव्या गाथेत, ग्रंथाच्या उंबऱ्यावर, ते म्हणतात: तो एक, वेगळा आत्मा मी माझ्या स्वतःच्या वैभवाने दाखवीन, दाखवला तर प्रमाण माना, आणि कुठे चुकलो तर शब्दात पकडू नका. नियमसाराच्या अखेरीस तर ते आणखी वाकतात: मागच्या-पुढच्या बोलण्यात विरोध आढळला, तर जाणत्यांनी तो काढून टाकावा आणि ग्रंथ पुरा करावा, हे मी माझ्या स्वतःच्या भावनेसाठी, म्हणजे चिंतनासाठी, रचले आहे. दोन हजार वर्षांची धूळ बाजूला सारून माणूस म्हणून जर कुंदकुंद मला कुठे भेटत असतील, तर ते या दोन-चार वाक्यांत. तीर्थंकरांच्या वाणीवर तसूभरही शंका नसलेला हा आचार्य, स्वतःच्या बोलण्याविषयी इतका सावध आहे. "मी चुकेन" हे त्याने आधीच धरून ठेवले आहे.

त्याच नियमसारात आणखी दोन गाथा लागोपाठ येतात. जीव नाना प्रकारचे, त्यांची कर्मे नाना प्रकारची, त्यांना लाभलेली क्षमता नाना प्रकारची. म्हणून स्वमताच्या आणि परमताच्या लोकांशी शब्दांचा वाद टाळावा. आणि पुढची: एखाद्याला धनाचा ठेवा सापडला, तर तो आपल्या गावी जाऊन गुपचूप त्याचे फळ भोगतो, तसा ज्ञानी ज्ञानाचा ठेवा भोगतो. मला वाटते, सांत्वनाला जाताना आम्ही अडतिसावी गाथा घरी ठेवून या दोन गाथा बरोबर न्यायला हव्यात. अडतिसावी गाथा स्वतःला सांगायची आहे. तिची सुरुवातच "मी" या शब्दाने होते. ती दुसऱ्याला "तू" करून ऐकवली, की तिचा कर्ताच बदलतो, आणि मग ती कुंदकुंदांची राहत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या बस्तीतल्या बायकांच्या स्वाध्यायात समयसार बाजूला ठेवून आम्ही पंचास्तिकाय घेतले आहे. अनुकंपेच्या गाथेपाशी गाडी अडली आहे. एकीचे म्हणणे, जो बंधाला कारण होतो तो भाव वाढवा असे शास्त्र कसे सांगेल? दुसरी, वयाने सगळ्यांत मोठी, म्हणते की आचार्यांना तो नुसता टाकायचाच असता, तर एवढ्या प्रेमाने त्याची व्याख्या करायचे त्यांना कारण काय होते? पंडितांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि आस्रव, तो थांबवणारा संवर आणि जुने कर्म झाडणारी निर्जरा यांचा क्रम फळ्यावर लिहून दिला. त्याने पहिलीचे समाधान झाले, दुसरीचे झाले नाही. तिने जयसेनांची टीका मागवून घेतली आहे. पुढच्या रविवारी ती आधी वाचायची आणि मग गाथेकडे पुन्हा वळायचे, असे ठरले आहे.